हलक्या विमानांचें डिझेल एंजिन आणि त्याची परीक्षा

ज्या विमानतळावर मोठीं व लहान अशीं दोन्ही प्रकारचीं विमानें उतरतात, तेथें इंधनाच्याहि दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक मोठी असते. ती प्रवासी जेट विमानांना रॉकेलच्या जातीचें तेल पुरविते. दुसरी लहान असते आणि तिच्यांत फिकट निळ्या रंगाचें एक खास पेट्रोल असतें. नवशिके विद्यार्थी ज्यांत उड्डाण शिकतात, ज्यांतून दूरच्या वस्तीवर डॉक्टर जातो किंवा टपाल जातें, अशा दोन-चार माणसांच्या विमानांना बहुधा हें निळें पेट्रोल लागतें. त्यांत शिसें मिसळलेलें असतें. दर लिटरमागें अर्ध्या ग्रॅमच्या किंचित् वरपर्यंत तें घालण्याची मुभा आहे. भारतांत मोटारींच्या पेट्रोलांतून शिसें २००० सालीं हद्दपार झालें. विमानाच्या पेट्रोलांत मात्र तें टिकून राहिलें. शिवाय हें पेट्रोल जगांत फार थोडें खपतें, म्हणून तें महाग पडतें आणि कित्येक देशांत मिळतहि नाहीं. भारतांतील विमानशाळांना तें २०२२ पर्यंत परदेशांतून आणावें लागे. त्या वर्षींच्या सप्टेंबर महिन्यांत वडोदऱ्याच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांत तें प्रथम देशांत तयार होऊं लागलें.

हें सर्व पाहिलें म्हणजे एक साधा प्रश्न मनांत येतो. मोठें विमान जें तेल जाळतें तेंच लहान विमानानें कां जाळूं नये? जाळतां येतें. त्यासाठीं जें एंजिन लागतें त्याचें नांव डिझेल. हें एंजिन विमानापेक्षां वयानें मोठें आहे. तरीहि हलक्या विमानांत तें नित्याचें व भरंवशाचें होण्यास जवळजवळ एक शतक लागलें. हा विलंब कां झाला, याचें उत्तर एंजिनाच्या रचनेंत जेवढें आहे, तेवढेंच त्याच्या परीक्षेंत आहे.

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी हातास गरम लागते, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. हवा दाबली म्हणजे ती तापते. डिझेल एंजिनाचें सारें शास्त्र या एका गोष्टींत आहे. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबून आठव्या-नवव्या हिश्श्याएवढें करतात आणि विजेच्या ठिणगीनें पेटवितात. त्याहून फार दाबलें तर तें मिश्रण ठिणगीची वाट न पाहतां भलत्याच वेळीं स्फोट पावतें व एंजिनास धक्के बसतात. हा अकालीं होणारा स्फोट आवरावा म्हणूनच त्या पेट्रोलांत शिसें घालतात. डिझेल एंजिनांत आधीं नुसती हवा दाबतात, आणि ती सोळाव्या-अठराव्या हिश्श्याएवढी होईपर्यंत दाबतात. ती इतकी तापते कीं, त्या क्षणीं बारीक फवाऱ्यानें आंत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. तेथें ठिणगी लागत नाहीं आणि ठिणगी पाडणारीं यंत्रेंहि लागत नाहींत. हवा व पेट्रोल मिसळणारें कार्ब्युरेटर नसल्यामुळें त्यांत बर्फ धरून एंजिन बंद पडण्याची जी भीति जुन्या वैमानिकांना असे, तीहि उरत नाहीं.

याशिवाय मोठा लाभ म्हणजे काटकसर. दाब जितका अधिक, तितका इंधनांतील उष्णतेचा मोठा भाग कामीं येतो. रूडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनियरानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें एंजिन चालवून दाखविलें, तेव्हां त्यानें उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून अधिक भाग कामीं लावला. त्या काळचें वाफेचें एंजिन दहाच्या आसपास घुटमळत होतें. राइट बंधूंचें विमान यानंतर सहा वर्षांनीं, म्हणजे १९०३ सालीं उडालें. परंतु डिझेलचें तें पहिलें एंजिन सुमारें साडेचार टन वजनाचें होतें आणि त्याची शक्ति वीस घोड्यांची! एवढें धूड आकाशांत न्यावयाचें कसें?

हीच पहिली अडचण. दाब अधिक म्हणून सिलिंडराच्या भिंती जाड, दट्टे जाड, दांडे जाड. आणि जाड म्हणजे जड. दुसरी अडचण कंपनाची. डिझेलचा स्फोट हातोड्याच्या घावासारखा एकदम बसतो. मोटारींत तो घाव जड चक्र व रबरी बैठका सोसून घेतात. विमानांत मात्र तो सरळ पंख्याच्या पात्यांपर्यंत पोंचतो. पंख्याचें पातें हें एखाद्या वाद्याच्या तारेसारखें आहे. ठराविक वेगानें घाव बसूं लागले कीं तें थरथरूं लागतें, आणि ती थरथर वाढत गेली तर धातूस तडा जातो. मोटारीचें एंजिन तुटलें तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. विमानाला आकाशांत कडेला उभें राहतां येत नाहीं.

या दोन्ही अडचणींशीं पहिली मोठी झुंज अमेरिकेंत झाली. डेट्रॉइट शहरीं मोटारी करणाऱ्या पॅकार्ड कंपनींत लायोनेल वूल्सन नांवाचा एंजिनियर होता. त्यानें हर्मान डोर्नर या जर्मन तज्ज्ञाच्या साहाय्यानें नऊ सिलिंडरांचें, वाऱ्यानें थंड होणारें एंजिन तयार केलें. त्याची शक्ति २२५ घोड्यांची व वजन सुमारें २३० किलो होतें. १९ सप्टेंबर १९२८ रोजीं तें एका स्टिन्सन विमानांत बसवून उडविण्यांत आलें, आणि डिझेल एंजिनावर विमान प्रथमच उडालें. पुढील वर्षींच्या मे महिन्यांत वूल्सन व वैमानिक वॉल्टर लीस हे डेट्रॉइटहून व्हर्जिनियांतील लँग्ले फील्ड येथें साडेसहा तासांत गेले. त्या साऱ्या प्रवासाच्या तेलाचा खर्च ४ डॉलर ६८ सेंट आला. तेवढ्याच शक्तीच्या पेट्रोलच्या एंजिनास त्याच्या सुमारें पांचपट लागला असता.

मार्च १९३० मध्यें अमेरिकन सरकारनें या एंजिनास प्रमाणपत्र दिलें. पुढच्याच महिन्यांत वूल्सन हिमवादळांत सांपडून विमान-अपघातांत मृत्यु पावला. दोष हवेचा होता, एंजिनाचा नव्हता. पण त्या एंजिनाचा कर्ता पुरुष गेला तो गेलाच. १९३१ च्या मे महिन्यांत लीस व फ्रेडरिक ब्रॉसी या दोघांनीं फ्लॉरिडांतील जॅक्सनव्हिलजवळ याच एंजिनावर, वाटेंत तेल न घेतां, साडेचौऱ्याऐंशीं तास विमान हवेंत ठेवलें. म्हणजे साडेतीन दिवस व तीन रात्री ते जमिनीस टेकले नाहींत. हा विक्रम १९८६ सालीं ‘व्हॉएजर’ विमानानें पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हां मोडला. अमेरिकन विमानविद्येंतील कोलियर पारितोषिकहि १९३१ सालासाठीं पॅकार्डलाच मिळालें.

एवढें यश पदरांत असतां दोन-तीन वर्षांतच हें एंजिन बाजारांतून नाहींसें झालें. कारण, विक्रम करणें वेगळें आणि रोजच्या रोज गिऱ्हाइकाच्या उपयोगीं पडणें वेगळें. एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास हवा आंत घेण्यास व धूर बाहेर टाकण्यास मिळून एकच झांकण होतें. त्यामुळें वजन वांचलें, पण जळक्या तेलाचा वास विमानांत पसरे आणि उतारूंच्या कपड्यांना चिकटून घरापर्यंत जाई. कंपन पुरतें गेलेंच नाहीं. त्याच सुमारास पेट्रोल सुधारलें, पेट्रोलचीं एंजिनें त्याच वजनांत अधिक शक्ति देऊं लागलीं, आणि अमेरिकेंत आर्थिक मंदीची लाट आली. प्रमाणपत्र होतें, पारितोषिक होतें, पण गिऱ्हाईक नव्हतें.

दुसरी झुंज जर्मनींतली. ह्यूगो युंकर्स या संशोधकानें निराळीच युक्ति योजिली. त्याच्या एंजिनांत एकेका लांब सिलिंडरांत समोरासमोर दोन दट्टे असत. ते एकमेकांकडे धांवत येत, मधली हवा दाबत आणि स्फोट होतांच परत फिरत. सहा सिलिंडरांत बारा दट्टे. सिलिंडरास माथा नाहीं, उघडझांप करणारीं झांकणें नाहींत. ‘युमो २०५’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें हें एंजिन १९३० नंतरच्या दशकांत लुफ्तहान्सा कंपनीच्या समुद्रावरील विमानांत चाललें. १९३८ च्या मार्चमध्यें डोर्निअर जातीचें एक जलविमान इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालें तें कोठेंहि न उतरतां ८३९१ किलोमीटर जाऊन ब्राझिलांत पोंचलें. एका वेगानें तासन् तास जावयाचें असेल तेथें या एंजिनासारखें दुसरें नव्हतें. परंतु याच एंजिनांचीं बाँबफेकी विमानें स्पेनच्या यादवी युद्धांत गेलीं, आणि तेथें क्षणांत वेग वाढीव, क्षणांत कमी कर, अशी धांवपळ सुरू होतांच तीं कुरकुरूं लागलीं. महायुद्धानंतर जेट एंजिन आलें, पेट्रोल स्वस्त व मुबलक झालें, आणि विमानाच्या डिझेलचा विषय अर्ध्या शतकापुरता मागें पडला.

तो पुन्हां वर आला तो युरोपांत, १९९० नंतर. तेथें विमानाचें पेट्रोल करांमुळें फार महाग झालें होतें, शिशाविषयीं लोकमत जागृत झालें होतें, आणि मधल्या काळांत मोटारींच्या डिझेल एंजिनांनीं मोठी मजल मारली होती. या वेळीं दोन वाटांनीं प्रयत्न झाले. फ्रान्समध्यें एसएमए नांवाच्या कंपनीनें विमानासाठींच म्हणून पांच लिटरचें, २३० घोड्यांचें नवें एंजिन कोऱ्या कागदावरून आंखलें. त्यास २००१ सालीं युरोपांत व २००२ सालीं अमेरिकेंत प्रमाणपत्र मिळालें. जर्मनींत फ्रांक थीलर्ट यांच्या कंपनीनें उलट वाट धरली. मर्सिडीझच्या लहान मोटारीचें १·७ लिटरचें एंजिन घेऊन त्यांनीं तें विमानास योग्य असें बदललें. त्याची शक्ति १३५ घोड्यांची होती व त्यास २००२ सालीं प्रमाणपत्र मिळालें.

हें प्रमाणपत्र म्हणजे काय, हें नीट समजून घेतल्यावांचून पुढची हकीकत कळणार नाहीं. विमानाचें एंजिन कोणासहि बनवितां येतें, पण प्रमाणपत्रावांचून तें सर्वसाधारण व्यवहाराच्या विमानांत बसवितां येत नाहीं. परीक्षा घेणारी संस्था अमेरिकेंत तेथील विमान-वाहतूक खातें, युरोपांत २००३ पासून कोलोन शहरांतील विमानसुरक्षा-संस्था. अमेरिकन नियमांतील सर्वांत प्रसिद्ध कसोटी १५० तासांची आहे. एंजिन जमिनीवर घट्ट बांधून चालवितात. पहिले ३० तास पांच मिनिटें उड्डाणाच्या पूर्ण शक्तीवर आणि पांच मिनिटें प्रवासाच्या शक्तीवर, अशी आलटून-पालटून चाल. नंतर वीस-वीस तासांच्या सहा फेऱ्या. त्यांपैकीं पांच फेऱ्यांत दीड तास अखंड चालण्याच्या कमाल शक्तीवर व अर्धा तास तिच्या शेंकडा ७५, ७०, ६५, ६० व ५० अशा उतरत्या शक्तीवर. शेवटच्या फेरींत अडीच-अडीच तासांच्या पाळ्या. हें संपलें म्हणजे एंजिन पूर्ण उकलून प्रत्येक भागाची झीज मोजतात. कंपनाची तपासणी निराळी, आणि एंजिन चालविणाऱ्या विजेच्या यंत्रणेची निराळी.

शाळेच्या परीक्षेंत शंभरापैकीं पस्तीस गुण मिळाले तरी मुलगा वरच्या वर्गांत जातो. येथें तसें नाहीं. येथें प्रत्येक प्रश्नाचें उत्तर बरोबर यावें लागतें, आणि उत्तीर्ण झाल्यावरहि परीक्षक पाठ सोडीत नाहीं. एंजिनाचें प्रमाणपत्र एक, तें ज्या विमानांत बसवावयाचें त्याचें दुसरें, आणि कारखान्यांतून निघणारें प्रत्येक एंजिन मूळ नमुन्याबरहुकूम आहे याबद्दलची व्यवस्था तिसरी. पुढें वापरांत कांहीं उणें दिसलें तर सक्तीची सूचना निघते, आणि ती पाळल्याशिवाय विमान उडूं शकत नाहीं. मोटारीच्या कारखान्यांत एखादा स्क्रू बदलला तर कोणाची परवानगी लागत नाहीं. विमानाच्या एंजिनांत तो स्क्रू कोठून आला, कोणत्या धातूचा आहे आणि बदलल्यानें काय होईल, हें कागदोपत्रीं दाखवावें लागतें. मोटारीचें एंजिन विमानांत घेणें हें दिसतें तितकें स्वस्त कां पडत नाहीं, तें यावरून ध्यानांत येईल.

थीलर्टच्या एंजिनांत आणखी दोन नवीन गोष्टी होत्या. मोटारीचें एंजिन मिनिटास सुमारें ३९०० फेरे घेतें. पंख्याला एवढा वेग मानवत नाहीं. म्हणून मध्यें दात्यांच्या चक्रांची पेटी घालून पंख्याचा वेग सुमारें २३०० वर आणला, आणि स्फोटांचे घाव सोसण्यासाठीं तींत एक क्लच बसविला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पूर्वीं वैमानिकाच्या हातीं तीन दांडे असत : एक शक्तीचा, एक मिश्रणाचा, एक पंख्याच्या पात्यांच्या कोनाचा. आतां एकच दांडा उरला. वैमानिकानें किती शक्ति हवी तेवढें सांगावें, बाकीचा हिशेब एंजिनावरील संगणकानें करावा. शिकाऊ वैमानिकास ही मोठीच सोय झाली. मात्र एक गोष्ट बदलली. जुन्या पेट्रोलच्या एंजिनाची ठिणगी त्याच्या स्वतःच्या फिरण्यांतून उत्पन्न होई, म्हणून विमानांतील वीज सगळी गेली तरी तें चालत राही. नवें एंजिन विजेवांचून क्षणभरहि चालूं शकत नव्हतें.

ऑस्ट्रियांतील डायमंड कंपनीनें अशीं दोन एंजिनें बसवून डीए-४२ नांवाचें चार आसनांचें विमान काढलें. ऑगस्ट २००४ मध्यें तें न्यू फाउंडलंडहून निघून कोठेंहि न थांबतां सुमारें साडेबारा तासांत पोर्तुगालच्या पोर्तो शहरीं उतरलें. पेट्रोलच्या तशाच विमानापेक्षां याचें तेल पुष्कळच कमी लागे, आणि तें तेल प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळे. विमानशाळांनीं या विमानांची भराभर मागणी केली. डिझेलचें शंभर वर्षांचें स्वप्न फळास आलें असें वाटूं लागलें.

मग ४ मार्च २००७ चा दिवस उजाडला. जर्मनींतील श्पायर येथें एक डीए-४२ उड्डाणास निघालें. त्याची बॅटरी पार उतरलेली होती, म्हणून एंजिनें बाहेरच्या विजेनें सुरू केलीं. अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, याबद्दल पुस्तकांत सूचना होत्या; त्या पाळल्या गेल्या नाहींत. विमान जमिनीवरून उठलें. वैमानिकानें चाकें वर घेतलीं. चाकें उचलणाऱ्या मोटरनें एकदम वीज ओढली, बॅटरींत दम नव्हता, विजेचा दाब क्षणार्ध उतरला, आणि तेवढ्यानें दोन्ही एंजिनांचे संगणक एकाच वेळीं थांबून पुन्हां पहिल्यापासून सुरू होऊं लागले. दोन्ही एंजिनें बंद पडलीं. विमान धावपट्टीच्या पलीकडे पोटावर उतरलें. प्राणहानि झाली नाहीं, ही दैवाची कृपा.

या घटनेंत चूक कोणाची, याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. वैमानिकानें नियम मोडला हें खरें. परंतु विमानास दोन एंजिनें असतात तीं कशासाठीं? एक बंद पडलें तर दुसऱ्यानें घरीं पोंचवावें म्हणून. तीं दोन्ही जर एकाच बॅटरीच्या धाग्याला टांगलेलीं असतील, तर प्रसंगीं तीं दोन नसून एकच आहेत. १५० तासांच्या कसोटींत हें दिसलें नव्हतें, कारण त्या कसोटींत एंजिनास वीज नीट मिळत होती. परीक्षेंत जो प्रश्न विचारलाच नाहीं, त्याचें उत्तर विद्यार्थ्यास येतें कीं नाहीं हें निकालपत्रावरून कळत नाहीं. येथें तो प्रश्न आकाशानें विचारला. त्यानंतर प्रत्येक एंजिनाच्या संगणकास स्वतंत्र राखीव बॅटरी देण्याची सक्ती करण्यांत आली.

दुसरा घाव निराळ्याच दिशेनें आला. या एंजिनाची दात्यांची पेटी ३०० तासांनीं तपासणीस काढावी लागे, आणि ठराविक तास भरल्यावर एंजिनाची दुरुस्ती न करतां तें सबंध बदलावयाचें असा करार होता. त्या बदल्याचा पुष्कळसा भार कंपनी उचलीत असे. जुन्या पेट्रोल-एंजिनाचा मालक गांवच्या कारागिराकडून दुरुस्ती करून घेई. डिझेलच्या मालकाचें सारें भवितव्य मात्र एका कंपनीच्या शब्दावर अवलंबून होतें. एप्रिल २००८ मध्यें त्या कंपनीचें दिवाळें वाजलें. दिवाळखोरीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यानें पूर्वींचीं आश्वासनें पाळण्यास नकार दिला, आणि सुट्या भागांचे पैसे मालकांना पदरचे भरावे लागले. ज्यांनीं काटकसरीसाठीं डिझेल घेतलें होतें त्यांचें विमान सुट्या भागांवांचून जागच्या जागीं उभें राहिलें. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहींत. सेसना या अमेरिकन कंपनीनें आपल्या प्रसिद्ध १७२ विमानांत हें एंजिन घालण्याचें ठरविलें होतें. तो बेत तिनें त्याच वर्षीं सोडून दिला. एंजिनास प्रमाणपत्र होतें. पण कारखान्याच्या तिजोरीची परीक्षा कोणत्याहि नियमांत सांगितलेली नाहीं.

तथापि या वेळीं पॅकार्डसारखें झालें नाहीं. डायमंड कंपनीनें आपल्याच देशांत ऑस्ट्रो नांवाची निराळी एंजिन-कंपनी उभी केली. तिनें मर्सिडीझचेंच, पण दोन लिटरचें, मोटारीचें एंजिन घेतलें. तें १६८ घोड्यांचें एंजिन जानेवारी २००९ मध्यें उत्तीर्ण झालें. थीलर्टचा कारखाना २०१३ सालीं कॉन्टिनेंटल या जुन्या एंजिन-कंपनीच्या चिनी मालकांनीं विकत घेतला आणि तेथील काम पुढें चालू राहिलें. अनुभव वाढला तसे एंजिन बदलण्याच्या मुदतीचे तासहि वाढत गेले व दोन हजारांच्या जवळपास पोंचले. या आंकड्यांत विक्रमाचा झगमगाट नाहीं, पण विमानशाळेच्या चालकास साडेचौऱ्याऐंशीं तासांच्या विक्रमापेक्षां त्यांचें मोल अधिक आहे.

सर्वांनाच असें यश आलें नाहीं. सेसनानें पुढें फ्रान्सच्या एसएमए एंजिनावर १८२ जातीचें विमान जाहीर केलें. २०१३ सालीं चांचणींत तें एंजिन हवेंत बंद पडलें, आणि २०१५ सालीं ती योजना गुंडाळण्यांत आली. अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील रॅसीन गांवीं डेल्टाहॉक नांवाच्या कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत १८० घोड्यांच्या एका एंजिनाचें काम आरंभिलें होतें. त्यास प्रमाणपत्र मिळालें २०२३ सालीं. काम सुरू झालें तेव्हां जन्मलेलें मूल तोंवर पंचवीस वर्षांचें झालें असेल! एवढा धीर, आणि एवढ्या काळ पुरणारें भांडवल, थोड्यांपाशींच असतें.

महाराष्ट्राचाहि या गोष्टीशीं थोडा संबंध आहे. गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावरील वैमानिक-शाळेंत डायमंड कंपनीचीं विमानें शिक्षणास वापरण्यांत आलीं, आणि दोन एंजिनांचें विमान चालविण्याचा पाठ तेथील मुलांनीं डीए-४२ वरच गिरविला. संरक्षण-संशोधन संस्थेच्या ‘तापस’ या वैमानिकरहित विमानाच्या नमुन्यांत ऑस्ट्रियन डिझेल एंजिनें बसविलीं होतीं. त्यांच्या जागीं देशी एंजिन यावें म्हणून अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील वाहन-संशोधन संस्थेनें १८० अश्वशक्तीचें डिझेल एंजिन तयार केलें. माणसें घेऊन जाणाऱ्या विमानाचें प्रमाणपत्र ही त्यापुढची निराळी पायरी आहे; ती किती उंच असते हें वरील इतिहासावरून दिसतेंच.

डिझेल हाच एकमेव मार्ग आहे असेंहि समजण्याचें कारण नाहीं. शिशाच्या विमान-पेट्रोलाचा धूर लोकांच्या आरोग्यास अपायकारक असल्याचा निर्णय अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिला. त्याच्या आदल्या वर्षींच शिशाविरहित अशा एका पेट्रोलास तेथील सर्व ठिणगीच्या विमान-एंजिनांसाठीं मान्यता मिळाली होती. म्हणजे जुन्या एंजिनानेंहि आपली बाजू सोडलेली नाहीं. डिझेल जड आहे, त्याची किंमत अधिक आहे आणि कडाक्याच्या थंडींत त्याच्या इंधनाची काळजी घ्यावी लागते. जो वर्षांतून पन्नास तास हौसेनें उडतो, त्यास या एंजिनाची किंमत तेलाच्या बचतींतून कधींच भरून येणार नाहीं. जी शाळा दररोज सकाळपासून सायंकाळपर्यंत विमानें उडविते, तिचा हिशेब निराळा.

या शंभर वर्षांत डिझेल एंजिनाच्या गुणाविषयीं फारशी शंका कोणास नव्हती. वूल्सनचे ४ डॉलर ६८ सेंट जे सांगत होते, तेंच आजचीं एंजिनेंहि सांगतात. उणीव होती ती भरंवशाची, आणि भरंवसा कोणत्याहि एका दिवसांत सिद्ध होत नाहीं. परीक्षेच्या १५० तासांत तो सुरू होतो. पुढें श्पायरसारख्या प्रसंगांतून धडा घेऊन, बॅटरी वाढवून, पेटी सुधारून आणि मोडलेल्या कंपनीचें काम दुसऱ्यानें उचलून तो हळूहळू घट्ट होत जातो. उद्यां विजेवर चालणारीं लहान विमानें या परीक्षेस बसतील. त्यांचे कर्ते एंजिनाची शक्ति किती व खर्च किती हें मोठ्या उत्साहानें सांगतील. ऐकणाऱ्यानें त्यांना आणखी दोनच प्रश्न विचारावेत : ज्या दिवशीं बॅटरी उतरलेली असेल त्या दिवशीं हें यंत्र काय करील, आणि ज्या दिवशीं कारखाना बंद होईल त्या दिवशीं याचे सुटे भाग कोण देईल?